उघड्या टाकीची पूजा

खंडेनवमीला आमच्या घरात तलवार म्यानात ठेवून पुजत नाहीत. म्यान बाजूला, पातं स्वच्छ पुसून पाटावर, आणि मग हळदकुंकू. पणजोबा संस्थानच्या पागेत होते, तेव्हापासूनची ही रीत. पुढं घोडे गेले, संस्थानही गेलं, आजोबा सरकारी मोटारखान्यात लागले, आणि माझ्या काकांनी, म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावानं, बडोद्यातल्या जुन्या मोटारींचे कार्बुरेटर दुरुस्त करण्यात जन्म काढला. काकांनी तलवारीची रीत जशीच्या तशी पान्या-पकडींना लावली. शस्त्र उघडं पुजायचं असेल तर इंजिन झाकण लावून कसं पुजायचं, असं ते विचारत. त्यामुळं आमच्या पूजेत हत्यारांची पेटी उघडी, गाडीचं बॉनेट उघडं आणि पेट्रोलच्या टाकीचं बूचसुद्धा काढलेलं असे. देवीला आतलं दिसलं पाहिजे, बस.

या रीतीचा एक दुसरा भाग होता. पूजा झालेलं यंत्र चालू करायच्या आधी टाकी थोड्या पेट्रोलनं खळबळून धुवायची. अक्षता आणि झेंडूच्या पाकळ्या कुठं जाऊन बसतील याचा नेम नाही. पहिला भाग मी दर वर्षी पाळला. दुसरा एकदाच पाळला नाही, आणि त्यानं माझी जन्माची फजिती झाली, असं लिहिणार होतो. पण फजिती माझी झालीच नाही. ती काकांची झाली, आणि ती मी केली.

नव्वदीच्या दशकाच्या मध्यावर मी ज्या कारखान्यात मेंटेनन्स फिटर होतो तिथं स्वेच्छानिवृत्तीचे फॉर्म वाटले गेले. स्वेच्छा कुणाची हे काही त्यावर लिहिलेलं नव्हतं. मी फॉर्म भरला आणि मांजलपूरला, नव्या सोसायट्यांच्या रांगेत, एक गाळा घेतला. बाहेर पाटी लावली, ‘सर्व प्रकारची इंजिने’. प्रत्यक्षात येत होते पाण्याचे पंप, स्कूटरी आणि लग्नाच्या मंडपवाल्यांचे जनरेटर. काका तेव्हा सत्तरीच्या उंबरठ्यावर होते. लहरीपुऱ्याजवळच्या बोळात वरच्या मजल्यावर ते आणि काकू राहायचे. ते रोज सकाळी सिटीबसनं मांजलपूरला यायचे आणि दाराजवळच्या लाकडी स्टुलावर बसायचे. तो स्टूल त्यांचाच. चुकून गिऱ्हाईक बसलं तर काका त्याच्यासमोर उभे राहून तपकीर ओढायचे, इतक्या आवाजात की तो आपणहून उठावा.

स्वभाव चिडका. चहा गार झाला की शिव्या, पाना जागेवर नसला की शिव्या. पण कार्बुरेटर हातात आला की माणूस बदलायचा. इंजिन चालू करून, एक बोट गॅसच्या, म्हणजे वेगाच्या, तारेवर, दुसऱ्या हातात पेचकस, मान तिरकी आणि डोळे मिटलेले. गिऱ्हाइकाला वाटायचं म्हातारा झोपला. मग काका पेचकस केसभर फिरवायचे आणि घरघरणारं इंजिन एकदम सुरात यायचं. “थयुं,” म्हणजे झालं, असं म्हणून ते डोळे उघडायचे. आनंद झाला की काका गुजराती बोलायचे.

शहराबाहेरच्या एका तळ्यावर नौकाविहाराचा ठेका घेतलेले एक शेठ होते. पेडल मारायच्या बदकांच्या बोटींना लोक कंटाळले होते. त्यांनी अलंगला, जिथं जुनी जहाजं मोडतात तिथून, एक जपानी आउटबोर्ड मोटर आणली. बोटीच्या मागच्या फळीला अडकवायची, दोन सिलिंडरची, टू-स्ट्रोक. सोबत लाल पत्र्याची सुटी टाकी आणि रबरी नळी. नळीच्या मध्ये एक रबरी फुगा होता. तो हातानं दाबला की पेट्रोल टाकीतून वर चढायचं. मोटरच्या आत खारं पाणी शिरून पिस्टन जाम झाला होता. ती दुरुस्तीला माझ्याकडं आली आणि माझी पाटी पहिल्यांदा खरी झाली.

सव्वा महिना मी त्या इंजिनामागं होतो. सिलिंडर बोअर करून आणले, पिस्टन आणि रिंगा मुंबईहून मागवल्या, पाण्याच्या पंपाची रबरी चक्री बदलली. कार्बुरेटर काकांनी घेतला. चार दिवस ते त्याच्याशी बोलत होते. एकेक जेट, पेट्रोल मोजून सोडणारी ती बारीक भोकाची पुंगळी, पितळेच्या तारेनं साफ करून उजेडाकडं धरायचे आणि भिंगातून बघायचे. “जपान्यानं काय बनवलंय बघ! आणि आपण म्हणतो आम्हाला मोटारीतलं कळतं,” असं तीन वेळा तरी म्हणाले. एवढी स्तुती त्यांनी माझी आयुष्यात केली नव्हती.

अष्टमीला इंजिन बांधून झालं. अर्ध्या कापलेल्या पिंपात पाणी भरून त्यात मोटर बुडवली आणि चालू केली. एका झटक्यात सुरू झाली आणि तासभर थांबली नाही. दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. तलवार नेहमीप्रमाणं काकांच्या घरी पुजली. नंतर काका वर्कशॉपवर आले आणि सगळं उघडं करून पूजा झाली. लाल टाकीचं बूचही उघडं होतं. काका निघताना दारातून म्हणाले, “टाकी धुवून मगच दे हो.” मी हो म्हणालो.

दुपारी शेठ टेम्पो घेऊन हजर. दसऱ्याच्या मुहूर्तावर बोट पाण्यात घालायची होती आणि सकाळपर्यंत थांबायला ते तयार नव्हते. शेठ नव्या पद्धतीचे. कमरेला पेजर, तोंडात सारखं ‘प्रोफेशनल’. त्यांच्यासमोर इंपोर्टेड मोटरच्या टाकीतून झेंडूच्या पाकळ्या धुवून काढायची मला लाज वाटली. आता लिहिताना हसू येतं. लाज वाटायची ती जागा नव्हतीच. शेठ फोन करायला शेजारच्या बूथवर गेले तेवढ्यात मी टाकी उलटी करून दोनदा झटकली. बऱ्याच पाकळ्या पडल्या. बूच लावलं आणि मोटर टेम्पोत चढवली.

दसऱ्याला शेठनी बोट एक फेरी फिरवली. छान चालली, नारळ फुटला, पेढे वाटले. चौथ्या दिवशी त्यांचा फोन आला.

“भाऊ, आ तो बेसी जाय छे.”

बसते म्हणजे कशी, ते बघायला काका आणि मी तळ्यावर गेलो. सुरुवात झकास. बोटीचं नाक वर उचललं जाई, पाणी दुभंगे. सहा-सात मिनिटं पूर्ण वेगानं गेलं की मोटर दम सोडायची. आवाज खाली, मग अडखळणं, मग बंद. पाच मिनिटं थांबलं की पुन्हा पहिल्यासारखी सुरू. हळू चालवली तर दिवसभर काही तक्रार नाही. पिंपात तर कधीच नाही. असला आजार मेकॅनिकला वेड लावतो. मोडलेलं यंत्र तुमच्यासमोर मोडलेलंच पडून राहतं, हे मात्र डॉक्टरसमोर खोकला थांबणाऱ्या पोरासारखं वागत होतं.

बोटीतून परतताना काकांनी विचारलं, “टाकी धुतली होतीस ना?”

“हो,” मी म्हणालो.

विचार न करता, सवयीनं म्हटल्यासारखं. झटकली म्हणजे धुतलीच, असं मनाशी धरून. आणि खरं सांगायचं तर नाही म्हटलं असतं तर तिथंच शेठसमोर शिव्या खाव्या लागल्या असत्या. काकांनी मान हलवली आणि टाकी त्यांच्या हिशेबातून गेली. पुतण्यानं धुतली म्हटल्यावर धुतली. त्यांनी तिच्याकडं पुन्हा पाहिलं नाही, आणि मीही नाही.

त्यानंतरचे दोन आठवडे आम्ही बाकीचं सगळं पाहिलं. प्लग बदलले. गरम झाल्यावर कॉइल दगा देते म्हणून दुसरी कॉइल लावून पाहिली. कॉम्प्रेशन मोजलं, ते दोन्ही सिलिंडरना सारखं होतं. नवी रिंग गरम होऊन धरते की काय म्हणून मी हेड पुन्हा उघडलं. सिलिंडर आरशासारखे स्वच्छ. पाण्यातल्या पंख्याच्या आतलं रबर घसरतंय का ते खडूची रेघ मारून पाहिलं. मोटरमधल्या पेट्रोलपंपाचा पडदा बदलला. काकांनी कार्बुरेटर दोनदा उतरवला, दोनदा धुतला, फ्लोटची उंची पट्टीनं मोजली. दुसऱ्या वेळी ते बराच वेळ एकच जेट उजेडाकडं धरून बसले होते. “काहीच नाही रे यात,” असं म्हणाले, पण आवाजात पूर्वीचा ठामपणा नव्हता. माझी चिडचिड वाढली होती. मनातून मला वाटायला लागलं होतं की म्हातारा कुठंतरी चुकला असणार. काकांच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरायला लागला होता हे मला ठाऊक होतं, आणि दोष द्यायला कुठंतरी जागा हवीच होती.

दिवाळीनंतरचा पहिला दिवस म्हणजे गुजरात्यांचं नवं वर्ष. तळ्यावर नुसती जत्रा. शेठनी आम्हाला मुद्दाम हजर राहायला सांगितलं होतं. काका धुतलेला पांढरा शर्ट घालून आले होते आणि तिकिटाच्या खिडकीशेजारी प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसले होते. पहिल्या दोन फेऱ्या हळू मारल्या, नीट झाल्या. तिसऱ्या फेरीला शेठनी आपले व्याही आणि त्यांची सगळी मंडळी बसवली आणि चालवणाऱ्याला वेग वाढवायची खूण केली. तळ्याच्या पार टोकाला, जिथं काठावर मगरी ऊन खात पडतात, बरोबर तिथं मोटर बसली. बडोद्यात मगरीचं कुणाला फारसं वाटत नाही, पण जरीच्या साड्या नेसून बंद बोटीतून त्यांच्याकडं बघणं वेगळं. बायका ओरडायला लागल्या. शेवटी दोन पेडलबोटींनी दोर बांधून त्यांना ओढत आणलं. काठावरच्या पब्लिकनं टाळ्या वाजवल्या.

शेठ माझ्याकडं आले ते लालबुंद होऊन. “भाऊ, तमे तो कहेता हता के हुं जाते बांधुं छुं! आ शुं बांध्युं?” मी स्वतः बांधतो म्हणत होता ना, मग हे काय बांधलंत, असा जाब.

सगळी गर्दी बघत होती. त्यात माझ्या सोसायटीतली दोन कुटुंबंही होती. मी म्हणालो, आणि शब्द अजून जसेच्या तसे आठवतात, “शेठ, इंजिन माझं आहे, त्यात काही प्रॉब्लेम नाही. कार्बुरेटर काकांनी केलाय. त्यांना आता दिसत नाही नीट. मी भिडेखातर करू दिलं.”

हे मी गुजरातीत म्हणालो, म्हणजे शेठना नीट कळावं. काकांनाही नीट कळलं. ते दहा पावलांवर होते. त्यांनी मान वर केली, माझ्याकडं पाहिलं, मग चष्मा काढून शर्टाच्या टोकानं पुसायला लागले. शेठचा राग तिथल्या तिथं उतरला. “अरे, एम कहो ने,” असं सांगा ना आधी, म्हणत त्यांनी माझा खांदा थोपटला. म्हाताऱ्या माणसाला वाऱ्यावर सोडत नाही म्हणजे मी भला माणूस, असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. परतताना काका स्कूटरवर माझ्या मागं बसले होते. लहरीपुऱ्याला उतरताना फक्त “सांभाळून जा” म्हणाले, जे ते रोजच म्हणायचे.

दुसऱ्या दिवशी स्टूल रिकामा होता. तिसऱ्या दिवशीही. बायकोनं विचारलं तर मी सांगितलं, थंडीनं बरं नसेल. थंडी अजून पडायची होती.

देवदिवाळीच्या आदल्या दिवशी मी एकटाच तळ्यावर गेलो. सुट्टीची गर्दी ओसरली होती. ठरवलं, आज मोटर बसली की तिथंच थांबायचं आणि हातात येईल ते तपासायचं. बोट पूर्ण वेगानं सोडली. सातव्या मिनिटाला आवाज खाली गेला. मी खाली वाकलो आणि पायाजवळच्या नळीकडं नजर गेली. रबरी फुगा चपटा झाला होता, दोन्ही बाजू एकमेकींना चिकटलेल्या. मोटर पेट्रोल ओढत होती आणि टाकीकडून येत नव्हतं. कार्बुरेटरचा दोष असता तर फुगा टणक राहिला असता. हे शिकाऊ माणसाला कळावं. इतके दिवस आम्ही दोघं मोटरवर वाकलेलो असायचो, म्हणून पायाजवळ कुणी पाहिलंच नव्हतं.

मोटर बंद पडली. बघता बघता फुगा पुन्हा फुगला. मी बूच उघडलं आणि पेट्रोल ओढणारी नळी वर काढली. तिच्या तोंडावरच्या जाळीला चार पाकळ्या चिकटल्या होत्या. पेट्रोलनं त्यांचा सगळा रंग खाल्ला होता. ओल्या कातडीसारख्या दिसत होत्या. टाकी कलती केली तर तळाशी अक्षता सरकल्याचा आवाज आला. वेगानं ओढलं की पाकळ्या जाळीला जाऊन चिकटायच्या, ओढ थांबली की सुटून तळाशी बसायच्या. म्हणून पाच मिनिटांनी सगळं ठीक.

बोटीत बसून मी किती वेळ त्या पाकळ्यांकडं पाहत होतो कोण जाणे. तिथं कुणी नव्हतं, तरी मी मागं वळून पाहिलं.

पाकळ्या तळ्यात टाकल्या. काठावर येऊन टाकी तीनदा धुतली, नवं पेट्रोल आणि तेल घालून बोट पुन्हा नेली. पाऊण तास पूर्ण वेगानं चालवली. मोटर गात होती. शेठ काठावर उभे होते. “शुं हतुं?” त्यांनी विचारलं.

“कार्बुरेटर,” मी म्हणालो. “परत सेट केला.”

“में तो कीधुं ज हतुं. काकाने हवे आराम आपो.” काकांना आता आराम द्या, म्हणे.

दोन-तीन दिवसांनी मी काकांकडं गेलो. सांगायचंच म्हणून गेलो होतो, हे शपथेवर सांगतो, पण त्या शपथेला आता कुणी काय करायचं? काका गॅलरीत बसले होते. मी चप्पल काढतोय तोवर त्यांनी विचारलं, “चालली म्हणे मोटर. शेठचा माणूस भेटला होता मंडईत. कार्बुरेटरच होता ना?”

खरं सांगायचा तो क्षण मला जणू कुणी आयता ताटात वाढून दिला होता. मी म्हणालो, “किरकोळ होतं, काका.”

ते आत गेले आणि त्यांचा पत्र्याचा डबा घेऊन आले. त्यात भिंग होतं, जेट साफ करायच्या जाडीप्रमाणं लावलेल्या पितळी तारा होत्या आणि तीन छोटे पेचकस, मुठी त्यांच्या बोटांनी झिजलेल्या. “हे तुझ्याकडं राहू दे,” ते म्हणाले. “मी घरी ठेवलं तर हात लावावासा वाटेल, आणि कुणाचं तरी नुकसान करून बसेन.” काकूंनी चहा आणला. मी तो प्यालो आणि डबा घेऊन आलो.

पुढची चार वर्षं काकांनी कुणाच्या गाडीला हात लावला नाही. बोळातले जुने लोक यायचे, कुणाची जीप, कुणाची आजोबांच्या वेळची मोटार. काका त्यांना सांगायचे, मांजलपूरला पुतण्या आहे, त्याच्याकडं जा, त्याचा हात चांगला आहे. ते येऊन मला हे सांगायचे. माझं बरं चाललं होतं. याच वर्षांत रस्त्यावर नव्या मोटारी आल्या, पेट्रोल कॉम्प्युटरनं मोजून देणाऱ्या, त्यांना कार्बुरेटरच नाही. काकांच्या विद्येची ती शेवटची वर्षं होती, आणि ती मी त्यांच्याकडून काढून घेतली होती. खंडेनवमीला तलवारीच्या पूजेसाठी मी काकांकडं जायचो, नमस्कार करायचो, प्रसाद घ्यायचो. वर्कशॉपच्या पूजेला मात्र ते आले नाहीत. गुडघे दुखतात म्हणायचे.

चौथ्या वर्षी वर्कशॉपवर पूजा मांडताना बायकोनं तो पत्र्याचा डबाही पाटावर ठेवला. मी एरवी तो मागच्या फळीवर ठेवायचो. “झाकण काढा ना त्याचं,” ती म्हणाली, “काकांची पद्धत आहे.” मी झाकण काढलं. तिनं फुलं वाहिली आणि एक पाकळी भिंगावर जाऊन पडली. भिंगातून ती मोठी दिसत होती, तिची शीर न् शीर. मला पुढं आरती म्हणता येईना. तिनं विचारलं काय झालं, तर तिलाच पहिल्यांदा सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाली, “मग इथं काय बसलाय?”

डबा स्कूटरच्या डिकीत टाकून लहरीपुऱ्याला गेलो. सणाची गर्दी, झेंडूचे ढीग. काका गॅलरीत होते. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. टाकी धुतली नव्हती. तुम्ही विचारलंत तेव्हा खोटं बोललो. तुमचा कार्बुरेटर पहिल्या दिवसापासून ठीक होता. मला कळलं तेव्हाही सांगितलं नाही.

मला वाटलं आता शिव्या येतील. त्या आल्या असत्या तर बरं झालं असतं.

“चार वर्षं,” ते म्हणाले, “चार वर्षं मी रोज तो कार्बुरेटर मनात खोलतोय. फ्लोटची सुई तिरकी बसवली का? मेन जेटमध्ये तारेचा तुकडा राहिला का? काकूला विचार. जेवताना हात थांबायचा माझा.” मग एकदम ओरडले, “शेठला सांगितलंस?”

“नाही.”

“मग आधी मला कशाला सांगतोस? माझी अब्रू माझ्यापाशी घालवली होतीस का?”

मग त्यांनी विचारलं, “कशानं आलास?”

“स्कूटरनं.”

“कार्बुरेटर काढून आण तिचा.”

खाली बोळात मी कार्बुरेटर उतरवला आणि डिकीतल्या डब्यासकट वर आणला. काकूंनी वर्तमानपत्र पसरलं. काकांनी डबा उघडला, पाकळी उचलून बाजूला ठेवली, पेचकस घेतला. वाटी खोलली. पायलट जेट काढला, फुंकला, भिंगातून पाहिला. परत बसवायला गेले तर तो आट्यात बसेना. दुसऱ्यांदाही बसेना. तिसऱ्यांदा जेट निसटला आणि फरशीवरून कठड्याकडं घरंगळला. मी गुडघ्यांवर रांगत तो शोधला. उठलो तेव्हा काका स्वतःच्या हाताकडं पाहत होते.

“सुटला हात,” ते म्हणाले. “रोज नाही केलं की सुटतो.” मग हसले, वाईट हसले. “तू खोटं कुठं बोललास रे? चार वर्षं आधी बोललास, एवढंच.”

बाकीचं मी जोडलं. ते बघत होते. खाली जाऊन कार्बुरेटर चढवला आणि किक मारली. स्कूटर सुरू झाली. मला ठीक वाटली. मी गॅस देऊन बघत होतो तेवढ्यात वरून आवाज आला, “पाव आटा ढिला कर!”

मान वर केली. काका गॅलरीच्या कठड्याला धरून उभे होते, मान तिरकी, डोळे मिटलेले. खाली सणाचा बाजार, ढोल, फुलवाल्यांची ओरड, आणि त्यातून ते तेवढं एक इंजिन ऐकत होते. मी स्क्रू पाव आटा ढिला केला.

“जास्त झालं. केसभर मागं.”

केसभर मागं घेतला. इंजिन सुरात आलं. मी ‘थयुं’ ऐकायला थांबलो. काका डोळे उघडून म्हणाले, “जा आता शेठकडं.” आणि आत गेले.

शेठ तेव्हा वासण्याला राहायचे. लहरीपुऱ्यापासून तिथपर्यंत गर्दीतून, सिग्नलला थांबत, स्कूटर एकदाही अडखळली नाही. शेठनी बोटींचा धंदा केव्हाच सोडला होता. माझं सगळं ऐकून त्यांनी आठवून आठवून विचारलं, “कया काका?” कोणते काका, ते त्यांना आठवतच नव्हतं. काका नंतरही वर्कशॉपवर कधी आले नाहीत. स्टूल मी ठेवलाय, पण त्याचं पुण्य मला नको.

वासण्याच्या त्या रस्त्यावर, खालून सुरात चाललेलं इंजिन ऐकताना, जे कळलं ते मी अजून बायकोलाही सांगितलेलं नाही. त्या दिवशी तळ्याकाठी मी चारचौघांत काकांच्या डोळ्यांना दोष दिला. काका कार्बुरेटर डोळे मिटून सुरात लावतात, हे तेव्हा तिथं फक्त मलाच माहीत होतं.